सपाट रेघ आणि अक्कांचा हात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचे ड्रायव्हर नाना गाडीला लिंबू-मिरची बांधतात, त्यावरून मी त्यांना रोज छेडायचो. मी ॲम्ब्युलन्सवरचा डॉक्टर. मॉनिटर दाखवेल ते खरं!

दोन वर्षं झाली. सकाळचे साडेदहा. दोंडाईचा स्टेशनमागच्या गल्लीत एक पन्नाशीचे मापाडी घरी चहा पिता पिता कोसळले होते. आम्ही पोचलो तेव्हा एक शेजारी त्यांची छाती दाबत होता. श्वास नाही, नाडी नाही. पॅड चिकटवून मॉनिटर पाहिला... सपाट रेघ. सपाट रेघेला शॉक देत नाहीत, तो थरथरणाऱ्या हृदयाला देतात. इंजेक्शन दिलं, नाना आणि मी आळीपाळीने छाती दाबत राहिलो. दर दोन मिनिटांनी थांबून बघायचो – सपाटच.

शेवटी त्यांच्या सुनेने रडत तुळशीचं पाणी आणलं. मापाड्यांची आई, अक्का, डोळ्यांनी पूर्ण अधू. त्या मुलाच्या पायाचा अंगठा मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांनी वाटी बाजूला सारली.

"पानी नको. तो थरथरी राह्यना."

"अक्का, थरथरतोय म्हणता, पण मशीनवर काहीच नाही हो," मी म्हणालो. खरं तर मी थांबायच्याच बेतात होतो.

"बारीक शे भाऊ... पन शे."

'बारीक' ऐकलं आणि मला आठवलं. त्या सकाळी आधीच्या पेशंटची रेघ पडद्याबाहेर जात होती, म्हणून मीच तिची उंची अगदी कमी केली होती – आणि परत वाढवायला विसरलो होतो! घाईघाईने वाढवली. रेघ थरथरत होती.

दुसऱ्या शॉकला नाडी लागली.

मापाडी आज मिरचीच्या बाजारात पुन्हा कामावर आहेत. माझ्या चुकीने ते गेले असते, हे अजून झोपू देत नाही. धुळ्याच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, असं हृदय रक्तच फेकत नाही, अंगठ्याला काय लागणार? मग अक्कांनाच जाऊन विचारलं, तुमच्या हाताला नेमकं काय लागलं?

त्यांनाच नवल वाटलं. "तुले नही लागनं का?"

आता सपाट रेघ दिसली की मी वायरी तपासतो, उंची वाढवतो... आणि पायाचा अंगठाही धरून बघतो. नाना बघतात, पण छेडत नाहीत. आजवर माझ्या हाताला एकदाही काही लागलेलं नाही.