वेवजीची कन्व्हेनर

पुष्पाला आयुष्यात पदं मिळाली ती अशी: कोणाची सून, कोणाची आई, आणि डहाणूच्या चिकूवाडीत फळं निवडणाऱ्या बायांची मुकादम. त्यामुळे २०१८ च्या मे महिन्यात वेवजीतल्या तिच्या पाड्याच्या सभेची ती कन्व्हेनर झाली, तेव्हा स्वारी जरा हवेत गेली. गेली तर गेली, आपण तिच्या जागी असतो तर जमिनीवर राहिलो असतो का?

सभा मात्र साधी नव्हती. पाड्याच्या एकुलत्या एक विहिरीमागच्या टेकडीवर दगडाची खाण काढायला कोणा ठेकेदाराने अर्ज केला होता. सुरुंग लागले की विहिरीचं पाणी पळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तलासरीच्या तालुका कचेरीत ठराव पोचवायची शेवटची तारीख सभेच्याच दिवशी होती. पन्नास मतदार जमून ठराव झाला तर ठीक, नाहीतर पाड्याची काही हरकत नाही असं धरलं जाणार होतं.

ग्रामसेवक धर्मेशने आठवड्यापूर्वी तिला शब्दाचा अर्थ नीट समजावला होता. कन्व्हेनर म्हणजे निमंत्रक. अध्यक्ष सभा चालवतो, कन्व्हेनर ती बोलावतो. सभेत खुर्ची मिळेलच असं नाही, पण माणसं आली नाहीत तर जाब त्यालाच विचारतात. पुष्पाने सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली, नावाखाली ‘कन्व्हेनर’ असं जरा मोठंच लिहिलं, एक प्रत रेशन दुकानाच्या दाराला चिकटवली, एक अंगणवाडीच्या भिंतीला, आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. नियमाप्रमाणे पुरते सात दिवस आधी. आपलं काम झालं, असं बाईंना वाटलं.

सभेच्या दिवशी अकरा वाजता शाळेच्या ओट्यावर एकवीस माणसं होती. बारा वाजता एकोणचाळीस. त्यापुढे रस्त्यावर माणूस दिसेना. धर्मेश घड्याळाकडे बघायला लागला. कचेरी गाठायची तर एक वाजता त्याला निघणं भाग होतं. पुष्पा पुन्हा पुन्हा माणसं मोजत होती.

अध्यक्ष नारू, पाड्यातला जुना माणूस, ओट्यावरची तोंडं न्याहाळत होता. तो म्हणाला की ओढ्यापलीकडची चार घरं आलेली नाहीत. म्हणजे बुधीबाईचं घर आणि तिच्या तीन मुलांची घरं. सोळा मतदार. ती घरं बुधीबाईच्या शब्दाबाहेर नाहीत, आणि बुधीबाई पुष्पाशी दोन वर्षं बोललेली नाही.

कारण सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. इथे लग्न असो की सभा, अंगणात उभं राहून तोंडाने सांगितल्याशिवाय बोलावणं झालं असं कोणी मानत नाही. पुष्पाने मात्र मुलीच्या लग्नाच्या रंगीत पत्रिका छापल्या आणि सख्ख्या चुलतसासूच्या घरी एक पत्रिका शेजाऱ्याच्या हाती पाठवून दिली. बुधीबाई लग्नाला आली नाही. पुष्पाने तेव्हा तोंड वाकडं केलं होतं की म्हातारीला मान फार लागतो.

कोणाला तरी धाडू या, असं ती आता म्हणाली. नारूने मान हलवली.

“बोलवनारी तू हायेस. दुसऱ्याला धाडशील तं परत तीच चूक.”

बारा वीस झाले होते. पुष्पा निघाली. कोरडा ओढा तिने जवळजवळ धावतच ओलांडला. विहीर, सुरुंग, पाणी, असं काय काय बोलायचं ते ती वाटेत जुळवत होती. अंगणाच्या कडेला पोचली आणि पाय थबकले. म्हातारीने हाकलून दिलं तर? आपल्या पायी सगळ्या पाड्याची विहीर जाणार. तरी ती अंगणात शिरली.

बुधीबाई ओट्यावर बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केस चोपून बांधलेले. मागे मुलगे, सुना, सगळे तयार.

पुष्पाचं जुळवलेलं भाषण तोंडातच राहिलं.

“काकी, शाळेत सभा आहे. तुम्हाला सगळ्यांना बोलवायला आले. लग्नाचं बोलवायलाही मीच यायला हवं होतं.”

म्हातारीने पदर सावरला. मग काठी शोधत म्हणाली, “पानी मी बी त्याच विहिरीचा पिते. सकालपासून नेसून बसलेय, कोन अंगनात येतोय का बघत. तुझे पोरीचे लग्नाला बी अशीच नेसून बसली होती, दिवस बुडेपरत.”

पुष्पाला रडू आवरेना. पण रडत बसायला वेळ कुठे होता? तिने बुधीबाईला दंडाला धरून उठवलं, ओढा उतरवला, चढवला. मागून पंधरा माणसं. एकला पाच कमी असताना ती शाळेत पोचली. पंचावन्न हात वर झाले, ठराव झाला, आणि धर्मेशने सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

पुष्पाने सही केली. विहिरीसाठी उठलेली आरडाओरड आणि टाळ्या तिच्या कानावर पडत होत्या, पण डोळ्यांसमोर लग्नाचा तो दिवस होता. इकडे मांडवात वाजंत्री वाजत होती आणि ओढ्यापलीकडे एक म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून वाटेकडे डोळे लावून बसली होती.