सुकलेली कणीक

आजही कणीक भिजवताना ओल्या पिठाचा वास आला की मला कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतली सत्तरच्या दशकातली एक संध्याकाळ आठवते. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. निघण्याआधी आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून घरीच थोडा हात फिरवायचे.

त्या दिवशी मी मैत्रिणीकडून फ्रेंच पियानोची रेकॉर्ड आणली होती. नुसता एकटा पियानो, पाण्यावर हलणाऱ्या उन्हासारखा. बाबांना ती आवडणारच, याची मला खात्री होती.

"लाव, मी साथ देतंय," बाबा म्हणाले.

सूर सुरू झाले. त्यांनी हात उचलला, थांबले, पुन्हा उचलला. "ह्याची सम खंय आसा गो?"

"यात सम नाही, बाबा."

"मगे मी येवचा खंय?"

तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "तुमका साथीक बोलवल्यान कोणी? गप ऐका."

बाबा ऐकत राहिले. हात पखवाजावर नुसते टेकलेले. खालून मंडळातल्या कोणीतरी हाक मारली. भजनाला कधीही उशीर न करणारे बाबा "येतंय" म्हणाले आणि उठलेच नाहीत. रेकॉर्ड संपली तेव्हा पखवाजावरची कणीक सुकून तडकली होती.

तेव्हा वाटलं होतं, बाबांना साथ जमली नाही. त्यानंतर हे संगीत मी खूप ऐकलं. आता ठामपणे सांगते, त्या रेकॉर्डला तशी साथ दुसऱ्या कोणाला जमली नसती.