मामांच्या इंजिनाच्या रिंगा

यंत्रांशी इतकं मायेने आणि माणसांशी इतकं तुसडेपणाने वागणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. उभा जन्म त्यांनी बोटीच्या इंजिनघरात काढला होता. निवृत्त होऊन गुहागरकडच्या गावी आले तरी कान तिकडेच राहिले होते. जेवताना लांबच्या भातगिरणीचं इंजिन एक ठोका चुकलं तर यांचा घास हातातच थांबायचा. मग गिरणीवाल्याला निरोप जायचा, आणि तो दुरुस्ती करीपर्यंत मामा भाताला नावं ठेवायचे. पाहुण्यांची चौकशी मात्र "कधी निघणार?" एवढीच.

त्यांची मोटारसायकल विलायती, माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी. त्र्याऐंशी साली ती निळा धूर सोडू लागली, तशी मामांनी इंजिनाचा वरचा भाग उतरवला आणि मामींचं स्वयंपाकघर गेलं. पिस्टन परातीत, व्हॉल्व्ह चहाच्या बशीत. हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं, तांब्याचं पातळ गॅस्केट मऊ करायला चुलीत लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचं होतं, म्हणून त्या दिवशी भाकऱ्या दुपारी दोनला झाल्या. व्हॉल्व्ह घासताना ते दोन्ही तळव्यांत दांडी धरून ताकातली रवी फिरवावी तशी तासन्‌तास फिरवत. मग हेडमध्ये रॉकेल ओतून ते व्हॉल्व्हमधून गळतं का, हे बघत बसले. तेवढा वेळ घरात कुणी जोरात चालायचं नाही असा हुकूम होता. मी भाचजावई, जवळच्याच बँकेत नोकरीला, पण चहा मागायचं धाडस मलाही झालं नाही.

एवढं सगळं जमलं आणि काम अडलं ते शेवटाला. पिस्टनवरच्या उघड्या तोंडाच्या ठिसूळ रिंगा बोटांनी दाबून धरायच्या आणि वरून जड सिलिंडर अलगद खाली सरकवायचा. बोटीवर याच माणसाने हातभर रुंदीचे पिस्टन बसवले होते. पण आता मामांचे हात कापत होते. पहिल्याच खेपेला एक रिंग कट्‌कन तुटली. मुंबईहून महत्प्रयासाने दोनच संच आले होते. मामांनी सगळं धोतराच्या फडक्याखाली झाकून ठेवलं. हवा दमट आहे, खारं वारं सुटलंय, असं ते सांगू लागले. मी मदत करतो म्हटलं तर म्हणाले, बँकेत काम करणाऱ्यांनी शिक्के मारावेत. महिनाभर ते गिरणीकडेसुद्धा कान देईनात. जेवण कमी झालं. हातांबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी दुपारी मामींनी हात स्वच्छ धुतले, पदर खोचला आणि फडकं बाजूला केलं. आजवर त्या गाडीला त्यांनी पुसायलासुद्धा हात लावलेला मामांना खपला नव्हता.

"तुम्ही वरनं धरा. रिंगा मी दाबते," त्या म्हणाल्या.

"अगो, मोडतील. एकच संच उरलाय."

"चाळीस वर्षं मोदकाच्या कळ्या पाडतेय. मोडली एखादी?"

मामांनी सिलिंडर उचलून दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले, त्यामुळे कंप थोडा आवरला. मामींनी एकेक रिंग अंगठ्यांनी मिटवली. सिलिंडर खाली, आणखी खाली, आणि मग टेकल्याचा जाड आवाज. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. मामा एवढंच म्हणाले, "बरी बसली."

चार दिवसांनी गाडी सुरू झाली. धूर नाही, ठोका स्वच्छ. दोघं तिच्यावरून हेदवीच्या गणपतीला जाऊन आली. चढावर इंजिन एकदाही दमलं नाही, हे मामांनी मला तीनदा सांगितलं. कुणी बसवलं, हे मात्र विचारणाऱ्याला सांगायचे: "आम्ही."

पुढे दोन वर्षांनी हात फारच कापू लागले आणि मामांनी गाडी चालवणं सोडलं. ती पडवीत उभी असे. तरी दरवर्षी दिवाळीनंतर हेड आणि सिलिंडर उतरायचं, फडकं पसरायचं, आणि मामी पदर खोचून समोर बसायच्या. वर्षभर न चाललेलं इंजिन उघडायचं कशाला, हे मी कधी विचारलं नाही. मामींनीही विचारलं नसावं.