दोसिंदाचा नकार

दोसिंदानं ब्रुसेल्सला जाऊन एका खासदाराच्या डोक्यात दाताळं घातलं, ही बातमी आमच्या पोर्तोमेऊ गावात सकाळच्या पावाच्या गाडीबरोबर आली. दुपारपर्यंत खासदाराला टाके पडले होते. संध्याकाळी वेनान्सिओच्या बारमध्ये तो खासदार जर्मन निघाला, आणि दिवे लागता लागता दोसिंदा तिकडच्या तुरुंगात बटाटे सोलत बसली होती.

खरं सांगायचं तर दाताळं गाव सोडून कुठं गेलंच नव्हतं. तिच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभं होतं. कुंपणावरून डोकावलं की दिसायचं, आणि आम्ही डोकावलोच. ब्रुसेल्सला दोसिंदानं एवढंच केलं होतं, की एका सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं. पण आमच्याकडे डोक्यात दाताळं घालणारी माणसं अधूनमधून निघतात, सरळ उत्तर देणारं कुणी निघत नाही. म्हणून ही हकीगत पहिल्यापासून सांगायला हवी.

दोसिंदा म्हणजे ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायकांची म्होरकी. साठीला टेकलेली, अंगानं रुंद, आणि आवाज असा की तिनं इकडून हाक मारली की खाडीपलीकडची कुत्री उठून बसतात. पाणी मागं हटलं की गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून खाली उतरायचं, कंबरेत वाकून दाताळ्यानं वाळू ओढायची, मापाच्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, बादलीत टाकायच्या, लहान असतील त्या परत वाळूत. तिची आई हेच करायची. तेव्हा मात्र परवाना वगैरे नव्हता. कुणीही यावं आणि खरवडून न्यावं. दोसिंदानं बायका गोळा केल्या, मंडळ काढलं, परवाने मिळवले, आणि चोरांसाठी पाळीनं पहारे लावले. पहिला चोर सापडला तो तिचाच चुलतदीर. त्याला तिनं भरल्या बादलीसकट साऱ्या गावातून मासळीच्या लिलावघरापर्यंत चालवत नेलं. तो गृहस्थ अजूनही ती लांबून दिसली की रस्ता बदलतो.

तर या दोसिंदाला एके दिवशी कळलं, की ती होडी आहे.

युरोपचा एक नवा मसुदा आला होता. समुद्रातून परवान्यावर काही काढणाऱ्या प्रत्येकानं आपण कुठं आहोत ते सारखं कळवत राहणारं यंत्र बसवावं, नाहीतर परवाना रद्द. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होड्या होत्या. यंत्र होडीच्या टपावर बसणारं, होडीच्या बॅटरीवर चालणारं. पण शब्द पडले होते ‘प्रत्येक परवानाधारक’, आणि चिखलात उभ्या असलेल्या बायका त्यात अलगद सापडल्या. टप नाही, बॅटरी नाही, म्हणजे यंत्र नाही. यंत्र नाही म्हणजे परवाना नाही. परवाना नाही म्हणजे दोसिंदा आणि तिचा चुलतदीर यांच्यात फरक उरत नाही. तिला झोंबलं ते हे.

वेनान्सिओला मात्र सणच सापडला. ती कॉफीला आली की काउंटरमागून सुरू व्हायचा.

"काय मावशी, नोंदणी कुठल्या बंदराची? मागं पंखा बसवून घेतलास की नाही?"

"तुझ्या बारला बसवू का? निदान हलेल तरी."

"आणि नांगर?"

"तू आहेस की. सकाळपासून एका जागी."

हसणं झालं, पण कपाळावरची आठी गेली नाही. मच्छीमार संघाच्या चिटणिसानं तिला सांगितलं, की हा अजून मसुदा आहे, ब्रुसेल्सला युरोपच्या संसदेत मतं पडायची आहेत. तोवर खासदारांना सांगून बघता येईल.

"आपला खासदार कोण?" दोसिंदानं विचारलं.

इथंच पहिली पंचाईत. त्या संसदेच्या निवडणुकीला साऱ्या देशाच्या मिळून उमेदवारांच्या लांबलचक याद्या असतात. आमच्या खाडीचा असा कुणी नसतोच. शोधता शोधता एका यादीत कोदेसाल नावाचे गृहस्थ निघाले, ज्यांची आजी शेजारच्या खाडीतली होती. एवढं नातं आम्हांला पुरतं. बायकांनी त्यांच्या कचेरीत इतके फोन केले, की शेवटी ते स्वतः तालुक्याच्या गावी त्यांना भेटायला आले. आले उशिरा, गेले लवकर, विमान होतं. पण मागं आपली मदतनीस ठेवून गेले. हिमेना नावाची पोरगी, समुद्रापासून लांबच्या वायादोलिदची, हुशार आणि नम्र. सगळं ऐकून घ्यायला बसली होती ती.

इथं आमच्या लोकांचं एक सांगायला हवं. आमच्याकडे प्रश्नाला उत्तर देत नाहीत, प्रश्न देतात. जिन्यात भेटलेल्या माणसाला तू वर चाललायस की खाली असं विचारलं, तर तो म्हणेल, "का, तुला काय दिसतंय?" यात उद्धटपणा नाही, ही रीत आहे. तोंडावर ‘नाही’ म्हणणं दारुड्यानं करावं, नाहीतर बाहेरच्यानं. आपण नुसता प्रश्न टाकायचा. समोरच्याला कळायचं ते कळतं.

हिमेनाला कळलं नाही.

"दोसिंदामावशी, तुमचा या कलमाला विरोध आहे ना?"

"तू आमच्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस?"

"म्हणजे ते काढून टाकावं असं तुमचं म्हणणं आहे का?"

"काढता येतं का?"

"आणि नाही काढलं तर तुम्ही काय कराल?"

"काय करणार, पोरी?" म्हणून दोसिंदानं हात असे काही पसरले, की मागच्या बाकावरच्या बायकांच्या अंगावर काटा आला. परतताना गाडीत सगळ्या जणी तिचं कौतुक करत होत्या. कसं तोंडावर सुनावलं! बाल्बिना, जी दोसिंदाच्या शेजारी चिखलात वाकते आणि जिला सहसा कुणाचंच पटत नाही, तीसुद्धा म्हणाली, "पोरगी बिचारी पांढरी पडली गं."

महिना झाला, काही हालचाल नाही. दोसिंदानं फोन लावला.

"काय गं पोरी, आमच्या कामाचं काय झालं?"

"मावशी, आम्ही ते पुढं नेलं नाही. तुमचं मत अजून ठरायचंय ना? साहेबांना मी तसंच सांगितलं. तिसऱ्यावाल्या अजून विचार करतायत म्हणून."

दोसिंदाचा आवाज असा चढला की तिच्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या म्हणे.

"अगं, याहून स्पष्ट कसं सांगू मी?"

"पण तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत!" हिमेना रडकुंडीला आली होती. "मावशी, पुढच्या महिन्यात समितीसमोर लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. साहेब तुमचं नाव घालतील. पण तिथं सगळे माझ्यासारखेच आहेत. तुम्हांला सरळ बोलावं लागेल."

दोष पोरीचा नव्हता, हे दोसिंदाला तेव्हाच पटलं. पण आपल्या शहाणपणानं आपणच बुडालो, हे पचवायला तिला एक अख्खी ओहोटी लागली. त्या दिवशी ती वाळूत अशी ओढत होती की जवळ जायची कुणाची छाती झाली नाही. वर आली आणि बूटही न काढता तडक बारमध्ये शिरली.

"वेनान्सिओ, तू खासदार हो."

"आत्ता? गिऱ्हाइकं आहेत."

"आत्ता. मला विचार, हे कलम हवंय का म्हणून."

वेनान्सिओनं खांद्यावरचा फडका ठेवला, छाती फुगवली. "दोसिंदाबाई, आपल्याला हे कलम हवं आहे का?"

"कशाला विचारतोस?"

"बघ! पुन्हा. हे कलम हवं आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू घरीच बस. कलम हवं आहे का?"

दोसिंदाच्या मानेच्या शिरा तटतटल्या. तिनं काउंटर घट्ट धरलं. तोंडात प्रश्न तयार होता, खुराड्याचं दार उघडलं की बाहेर पळणाऱ्या कोंबडीसारखा. तो तिनं गिळला.

"नाही," ती म्हणाली.

पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. खिडकीजवळचे म्हातारे एलादिओ, ज्यांनी दोन बायका आणि तीन होड्या पोचवल्या होत्या, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कुणी गेल्यावर काढतात तशी.

"पुन्हा विचार," दोसिंदा म्हणाली.

रोज हे चालू झालं. पुढं पुढं तिला इतकी सवय झाली की पाववाल्यानं "दोन देऊ का?" विचारलं तरी ती "नाही" म्हणायची आणि मग पावाविना बसायची.

मंडळानं तिला विमानात बसवलं. संसदेच्या दारात तिच्या पिशवीतला एम्पानाडा, म्हणजे टूना मासा भरून भाजलेला पाव, तपासणीच्या यंत्रातून दोनदा फिरवला गेला. तुरुंगाची गोष्ट उगवली ती बहुधा इथूनच. कोदेसाल भेटले. दमलेला, बरा माणूस.

"बाई, मी दुरुस्ती मांडतोय," ते म्हणाले. "पण समितीत माझं मत एक. बाकीच्यांना तुम्हीच वळवायला हवं."

"मग काय, माझ्या हातात तरी बादली एकच असते ना?" दोसिंदा म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"इथपर्यंत चालेल," हिमेना पुटपुटली. "आत नको."

आत सगळ्यांच्या कानांना भाषांतराची यंत्रं. अध्यक्षबाईंनी तिचं नाव घेतलं, स्वागत केलं आणि मग तोच प्रश्न आला. आपल्याला हे कलम हवं आहे का? दोसिंदा नंतर कुंपणाशी सांगत होती, की त्या क्षणी तिला अध्यक्षबाई दिसल्याच नाहीत, खांद्यावर फडका टाकलेला वेनान्सिओ दिसला.

"नाही," ती म्हणाली. "नको. आम्ही होड्या नाही. आम्ही पायी उतरतो, पायी वर येतो. हे यंत्र लावायला आमच्याकडे अंगाशिवाय काही नाही. कलम असंच राहिलं तर आमचा परवाना जाईल, आणि किनारा ज्यांच्यापासून आम्ही इतकी वर्षं राखला त्या चोरांना मिळेल. तेव्हा नको."

एवढं उघडं ती लग्नातसुद्धा बोलली नव्हती.

समुद्र नसलेल्या एका देशाचे खासदार समितीत होते. त्यांनी हात वर केला. "पण बाई, यंत्र नसेल तर कोण कुठून काय काढतंय हे कळायचं कसं? चोरी तर तुमच्याकडेही होत असेल."

प्रश्न रास्त होता. दोसिंदाच्या जिभेवर ‘तुमच्याकडे होत नाही का?’ येऊन बसलं होतं. तिनं ते तिथंच दाबलं.

"होते. माझ्या घरातच झाली." आणि तिनं चुलतदिराची गोष्ट सांगितली. हशा एकदम आला नाही. भाषांतर जसजसं पोचलं तसतसा एका एका कोपऱ्यातून उठला. सगळ्यात शेवटी त्या खासदारांच्या बाजूनं.

हसून झाल्यावर ते म्हणाले, "मग यंत्राऐवजी रोज लिलावघरात प्रत्येकीनं आपली बादली वजन करून नोंदवली तर चालेल का?"

हे दोसिंदाला कुणी शिकवून ठेवलं नव्हतं. आजवर बायका माल एकत्र घालायच्या. म्हातारीचं कमी भरलं तर तरणीचं तिच्यात जायचं, आणि कुणाचं किती हे कुणी बघायचं नाही. आता ते उघडं पडणार होतं. घरी गेल्यावर बाल्बिना काय म्हणेल हे तिला पाठ होतं. विचारून सांगते म्हणायला वेळ नव्हता.

"चालेल," ती म्हणाली. "आवडणार नाही. पण चालेल."

दुरुस्ती समितीत थोडक्या मतांच्या फरकानं निभावली. पुढं मंत्र्यांशी घासाघीस झाली, हिवाळा गेला. मग एका सकाळी हिमेनाचा फोन आला. पायी उतरणाऱ्यांना यंत्रातून सूट, रोजचं वजन सक्तीचं, आणि काही वर्षांनी या सवलतीचा पुन्हा विचार. बाल्बिना आठवडाभर दोसिंदाशी बोलली नाही. वजनकाट्यापुढच्या रांगेत दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. आठव्या दिवशी म्हाताऱ्या कोंचाची बादली फारच हलकी भरली, तेव्हा बाल्बिनानं आपल्यातल्या दोन मुठी तिच्यात टाकल्या आणि दोसिंदाकडे डोळे वटारून बघितलं. दोसिंदा आभाळाकडे बघत होती. त्यानंतर बोलणं सुरू झालं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी बारमध्ये वेनान्सिओनं सगळ्यांसमोर विषय काढला. आपणच तिला शिकवलं, म्हणून त्याची मान ताठ होती.

"मावशी, म्हणजे साध्या माणसाचं तिथं चालतं म्हणायचं."

"चालतं असं कोण म्हणालं?"

"मग यंत्र गेलं कसं?"

"तुला वाटतं ते चालत गेलं?"

एलादिओ म्हातारे खिडकीपाशी खूश होऊन हसले. जुनी दोसिंदा परत आली होती. पण वेनान्सिओ सोडणारा नव्हता.

"बरं, गेलं. पण पुन्हा बघणार आहेत ना काही वर्षांनी? आज हसून सोडलं, उद्या गुपचूप परत आणतील. मोठ्यांचं असंच असतं. मग काय करशील?"

पाणी मागं हटायला लागलं होतं. दोसिंदानं कॉफीचा शेवटचा घोट घेतला, बुटात पाय घातले, टाचा आपटून नीट बसवल्या आणि दाराशी जाऊन वळली.

"का? मी काय तोवर मरणार आहे होय?"