कावा, सिगार आणि वेंतुराची खुर्ची

फोंतरोसा गावात त्या हिवाळ्यात एक कुजबुज होती, की तंबाखूवाल्या रेमेईला पश्चात्तापाने घेरलंय. नवरा सिगारच्या धुराने गेला, तो धूर तिनेच जन्मभर विकलेला, शेवटी मन खायला लागलं म्हणून तिने सरकारी कचेरीत फोन केला आणि गावच्या क्लबातली मागच्या खोलीची बैठक बंद पाडली. हे सांगताना बायका छातीवर क्रूस काढायच्या आणि पुरुष घसा खाकरायचे. बेकरीच्या रांगेत तर ही गोष्ट इतकी घोळली गेली, की पाव घ्यायला थांबलेल्या परगावच्या ड्रायव्हरलाही रेमेईची कीव यायची.

आता रेमेईची कीव करणं म्हणजे उकळत्या किटलीला शाल पांघरण्यासारखं. बाई लहानपणापासून तापट. शाळेत तिने एका सिस्टरच्या पांढऱ्या झग्यावर शाईची दौत उपडी केली होती, असं तिची सख्खी बहीण सांगते; आणि सख्खी बहीण अशा बाबतीत हात राखून बोलत नसते. पुढे आईमागून तंबाखूचं सरकारमान्य दुकान तिच्याकडे आलं. क्लबाच्या अगदी समोर. पोस्टाची तिकिटं, आगपेट्या, सिगारेटी पुढे, आणि मागच्या खोलीत तिचं खरं राज्य: सिगारचं उंच लाकडी कपाट. त्याची हवा ओलसर राहावी म्हणून ती त्यात तान्ह्या बाळाकडे बघावं तशी दिवसातून दहादा डोकावायची. गिऱ्हाइकाने सिगार कानाशी धरून चुरचुरवली, की हातातून हिसकावून घ्यायची. "टेलिफोन आहे का तो?"

समोर क्लबात दर रविवारी, जेवणं उरकली की मागच्या खोलीत पुरुषांची बैठक बसे. बायका पुढच्या दालनात, कॉफी आणि पत्ते घेऊन. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण भिंत कुठे आहे हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं तसं हेही होतं. बैठकीत एकेका रविवारी एकेकाची पाळी. पाळी असलेल्याने सगळ्यांसाठी कावा आणायची, म्हणजे आमच्याकडची फेसाळती वाइन. म्हातारे अजून तिला शँपेनच म्हणतात. तिच्याबरोबर ओढायच्या सिगारही त्यानेच आणायच्या, आणि हिच्याशी हीच का, ते उभं राहून सांगायचं. जोडी जमली नाही तर त्याने कमरेला फडकं बांधून सगळ्यांना कॉफी वाढायची. वरवर थट्टा, पण त्या फडक्याच्या धास्तीने भलेभले शनिवारी बेचैन असत.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, रस्त्यावर कोणी नाही असं बघून, एकेक जण रेमेईच्या दुकानात शिरायचा. आवाज उतरलेला, जसा काही कन्फेशनला आलाय. "उद्या माझी पाळी आहे, रेमेई." ती विचारायची, बाटली कितीची, तळघरात यीस्टच्या गाळावर किती काळ पडून होती, साखर आहे की कोरडी. मग कपाटातून काढून द्यायची. कोवळी, कोरडी कावा जिभेला टोचते; तिच्याबरोबर फिक्या पानाची मऊ सिगार. वर्षानुवर्षं पडून जिला भाजक्या पावाचा वास धरलाय, तिच्याबरोबर खुशाल काळी, तेलकट. धुराचं तेल जिभेवर बसतं, बुडबुडे ते धुऊन काढतात, पुढचा झुरका पुन्हा पहिला होतो. हे सगळं ती एका दमात सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ उभा राहून हेच शब्द, मध्येच एक खोकला घालून, स्वतःचे म्हणून सांगायचा.

रेमेईला हे कळायचं कारण तिचा नवरा वेंतुरा त्या बैठकीत बसायचा. मोठा गमत्या माणूस. संध्याकाळी उरलेली अर्धी बाटली कोटात लपवून घरी आणायचा. मग दोघं मागच्या अंगणात अंजिराखाली बसून एकेक सिगार पेटवायची, आणि तो बैठकीची नक्कल करायचा: कोण काय बोललं, कोण तिचं वाक्य विसरून घामाघूम झालं, कोणी सिगारचं टोक ग्लासात बुचकळून ओढलं. या बुचकळण्याला रेमेई जाम चिडायची, आणि वेंतुरा मुद्दाम तेच दोनदा सांगायचा. रविवारची बैठक तिला अशी मिळायची, शिळी, पण मिळायची.

द्राक्षांची तोडणी आटोपली आणि वेंतुरा गेला. तिचा रविवारच बंद झाला.

बैठकीतल्या मेलेल्या माणसाची खुर्ची त्याच्या घरातल्या पुरुषाकडे जाते. मुलाकडे, मुलगा नसेल तर जावयाकडे, तोही नसेल तर भावाकडे. वेंतुराला एकच मुलगी, नेउस. तिचा नवरा जेरार्द बार्सिलोनात दातांचा डॉक्टर. माणूस गरीब स्वभावाचा, पण वाइनने त्याचं डोकं दुखतं आणि धुराने छाती भरते. ही खुर्ची त्याला कोणी देऊ करील असं रेमेईच्या स्वप्नातही नव्हतं. तिचा हिशोब सरळ होता. घरात आता पुरुष नाही, खुर्ची मोकळी आहे, त्या खोलीत कशाबरोबर काय ओढायचं ते सगळं आपण ठरवतो, तेव्हा खुर्ची आपली.

वेंतुराच्या महिन्याची चर्चमधली प्रार्थना झाली त्याच्या पुढच्या रविवारी ती काळ्या कपड्यांत, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात सिगारची पेटी घेऊन पुढच्या दालनातून चालत गेली. पत्ते खेळणाऱ्या बायकांचे हात थांबले. मागच्या खोलीचं दार तिने पायाने ढकललं आणि वेंतुराच्या खुर्चीवर बसली.

बैठकीचा म्होरक्या आन्सेल्म. छोट्या कावा-कारखान्याचा मालक, पांढऱ्या मिशा धुराने पिवळ्या झालेल्या. तो लहानपणी रेमेईच्या बाकावर बसायचा आणि तिच्या वहीत बघून लिहायचा. ती सवय त्याने पुढे शनिवारी चालू ठेवली होती एवढंच. त्याने तिला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं, भांडायला जागा मिळाली असती. तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चर्चमधल्यासारख्या आवाजात म्हणाला, "पोरी, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण ही खुर्ची घरातल्या पुरुषाची."

"घरात पुरुष नाही. मी आहे."

"जेरार्द आहे की. आम्ही त्याला कळवलंय. हो म्हणाला तो."

रेमेईने सगळ्यांकडे बघितलं. कोणी ग्लासात बघत होतं, कोणी राखेकडे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्षं तुमच्या तोंडात काय जावं ते मी ठरवलं. आणि मी तुमच्या शेजारी बसायला नको?"

यावर ते भांडले नाहीत. एकेक जण आपापला ग्लास उचलून, तिच्याकडे अत्यंत सभ्यपणे मान लववून, बाहेर बारपाशी जाऊन उभा राहिला. खोलीत रेमेई, बाटली, पेटी, आणि भोवती रिकाम्या खुर्च्या. ती थोडा वेळ बसली आणि उठली. बाटली आणली तशी परत नेली. दुकानाचं शटर तिने असं आदळलं, की चौकातली कबुतरं उडाली.

घरी तिने मुलीला फाडून खाल्लं. नेउस म्हणाली, आई, तो भिडस्त, कोणाला नाही म्हणू शकत नाही, त्याला वाटलं तुला बरं वाटेल, बाबांची जागा घरातच राहिली. रेमेई म्हणाली, तुझ्या नवऱ्याला माझा एक दात दाखवायचाय, सांग त्याला, चावताना कसा लागतो तेही दाखवीन.

जेरार्द दर रविवारी बार्सिलोनाहून गाडी हाकत यायला लागला. पहिल्या दिवशी त्याने सिगारचं बंद टोक न कापताच ती पेटवली आणि गाल आत जाईपर्यंत ओढत बसला. बैठकीने त्याचं कौतुक केलं. पुढे तो समोर पाण्याचा ग्लास ठेवून बसायचा, खोकायचा आणि सगळ्यांच्या विनोदांना हसायचा. माणूस सगळ्यांना फार आवडला.

आणि शनिवारी? शनिवारी ते येतच राहिले. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. आन्सेल्म स्वतः आला, मिशीवरून हात फिरवत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने. उद्या माझी पाळी, यंदा तळघरातून काढलेली कोवळी कोरडी बाटली उघडणार आहे, काय लावू?

रेमेई आत गेली. कपाटासमोर उभी राहिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दाम चुकीची जोडी दिली. निकाराग्वाची काळी, जाडजूड, मिरपुडीसारखी जहाल सिगार. तिच्यापुढे ती बिचारी कोवळी कावा म्हणजे लिंबू पिळलेलं साबणाचं पाणी. वर समजावूनही सांगितलं, अगदी गंभीरपणे, की तीक्ष्णाला तीक्ष्णच लागतं.

रविवारभर ती दुकानाच्या काचेआडून क्लबाच्या दाराकडे डोळे लावून बसली. आन्सेल्मच्या कमरेला फडकं बघायचं होतं तिला. बैठक सुटली. बारवाला फेर्मी कचरा टाकायला बाहेर आला, त्याला तिने हटकलं. फेर्मी म्हणाला, कमाल केली आज आन्सेल्मने, टाळ्या पडल्या, वर्षातली सगळ्यात सुंदर जोडी म्हणे. जेरार्दसुद्धा म्हणाला.

रेमेई स्टुलावर बसली ती बराच वेळ उठली नाही. ज्यांना चव कळते असं समजून तिने तीस वर्षं जीव टाकला, त्यांच्या जिभांना काही कळतच नव्हतं. ते तिचे शब्द ओढत होते आणि तिचे शब्द पीत होते. खुर्चीला लागतं काय, तर फक्त पुरुष. त्याला चव नसली तरी चालते, धूर सोसत नसला तरी चालते.

नव्या वर्षाला नवा कायदा आला: बारमध्ये, क्लबात, छपराखाली कुठेच ओढायचं नाही. गावाने कायदा वाचला आणि मागच्या खोलीला एक जाड हिरवा पडदा लावला. फेर्मी पुढचं शटर अर्धं खाली ओढायचा. सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलायचं नाही. एका रविवारी दोन परकी माणसं आली, त्यांनी कॉफी मागितली, मग ओळखपत्रं दाखवली आणि पडदा बाजूला केला. आत जेरार्द पेटती सिगार हातात धरून खोकत होता. दुसऱ्या दिवशी क्लबातले राखेचे कटोरे गेले आणि बैठक मोडली.

फोन कोणी केला यावर गाव दोन दिवसही भांडलं नाही. रेमेईच. पण का? इथे गावाला अडचण आली. खरं कारण सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ते मान्य करायचं तर आपणही तेव्हा ग्लास उचलून बाहेर गेलो हे मान्य करावं लागलं असतं. मग कोणीतरी वेंतुराची फुफ्फुसं शोधून काढली. ती सगळ्यांना पटली. रागावलेल्या बाईपेक्षा खचलेली बाई गावाला जास्त सोयीची.

आन्सेल्म केक घेऊन दुकानात आला. म्हणाला, आमचा तुझ्यावर राग नाही, तुला किती सोसावं लागलं ते आम्ही समजतो. रेमेईने केक उचलला, दार उघडलं आणि फुटपाथवर ठेवून दिला. आन्सेल्म जाताना लोकांना सांगत गेला, फारच हळवी झालीये बिचारी.

कायद्याने उघड्यावर ओढायला बंदी नव्हती. ऊन पडायला लागलं तशी बैठक चौकात भरली, फेर्मीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, मफलर गुंडाळून. त्या खुर्च्या कोणाच्याच नव्हत्या. रेमेई दुकानातून स्वतःचं स्टूल घेऊन निघाली आणि जाऊन त्यांच्या मधोमध बसली. या वेळी कोणी उठलं नाही. उलट सगळे सरकले. एकाने तिच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली. जेरार्दने ग्लास भरून पुढे केला. "घ्या, रेमेई, मन हलकं होईल."

तिने सिगार कापली, पेटवली, एक झुरका घेतला, एक घोट घेतला. जोडी चुकलेली होती. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोन मी केला. वेंतुरासाठी नाही. तुम्ही मला खुर्ची दिली नाहीत म्हणून."

आन्सेल्मने तिचा हात हातात घेऊन थोपटला. "हो, पोरी, हो," तो म्हणाला. "आम्हाला कळतं."

तिने हात ओढून घेतला. बाकीच्यांनी माना हलवल्या आणि एकमेकांकडे बघितलं, आणि बेकरीतली गोष्ट होती तशीच राहिली.

फोन रेमेईनेच केला होता. वेंतुरा पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गेला. डॉक्टरांच्या मते त्याची फुफ्फुसं चांगली होती. तिला खुर्ची दिली नाही, म्हणून तिने फोन केला.