राजाच्या खांद्याचा एमआरआय

समस्त प्रजाजनहो, शांतता राखावी! सावली तालुक्यातल्या आमच्या गावचा राजा जायबंदी झाला आहे, आणि त्याला दगा झाला आहे.

राजा म्हणजे मी. धानाची कापणी आटोपली की आमच्याकडे गावोगावी नाटकं उभी राहतात, आणि आमच्या गावच्या नाटकात मुकुट चढतो तो माझ्याच डोक्यावर. सेनापती माझा बालमित्र. यंदा तालमीत लढाईच्या प्रवेशात तो असा काही माझ्या अंगावर कोसळला, की गळ्याखालच्या आडव्या हाडातून खांद्यापर्यंत कळ गेली. हात वर होईना. असा राजा तलवार काय उपसणार?

एक्स-रेत हाड अखंड निघालं. मी पेढे वाटायच्या बेतात, पण मित्राचं तोंड उतरलं. "त्याच्यात काय दिसते भाऊ? एमआरआय कर. आतलं सारं समजते." डॉक्टरांचंही तेच म्हणणं: हाडं बांधून ठेवणारे लिगामेंट एक्स-रेत दिसत नाहीत.

चंद्रपूरला मित्रच घेऊन गेला. अंगठी, घड्याळ, चांदीचा करदोडा, धातूचं म्हणून सगळं उतरवून त्याच्या हाती दिलं. मग त्या बोगद्यात धानाच्या गिरणीसारखी धडधड ऐकत पडलो. हलायचं नाही म्हणे! मी तर नाटकात मेल्यावरही हलतो. बाहेर आलो तर मित्र तंत्रज्ञाच्या मागे लागलेला, "दिसलं का काही? नीट पाहा ना जी!" तंत्रज्ञाला वाटलं, सख्खा भाऊ आहे. मलाही वाटलं. डोळे भरून आले हो माझे.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. हाड खांद्याला जिथं जुळतं, तिथलं लिगामेंट फाटलं होतं. हात झोळीत, तलवार बंद, यंदाचा मुकुट गेला. मित्रानं मला कडकडून मिठी मारली, तीही दुखऱ्या बाजूनं.

"चाल, नाटकाचा फ्लेक्स घेऊन जाऊ," म्हणत त्यानं मला जवळच्याच दुकानात नेलं. दुकानदारानं फ्लेक्स उलगडला. माझा मुकुट, माझं सिंहासन, आणि मधोमध मिशीला पीळ देत बसलेला माझा मित्र!

"कधी छापलं हे?" मी विचारलं.

"परवाच तयार झालं जी," दुकानदार म्हणाला.

मी मित्राकडे वळलो. "परवा? रिपोर्ट तर आत्ता आला ना बे!"

माझा करदोडा अजून त्याच्याच मुठीत होता. तो गडबडला, आणि भर दुकानात त्याच्या तोंडून निघून गेलं, "मले पक्कं मालूम होतं ना भाऊ! एवढा नेम धरून पडलो होतो तुया खांद्यावर!"