काहिलीतली अंघोळ

माझ्या सासऱ्यांनी परसात गरम पाण्याचा टब बसवला होता, असं मी आज सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, मोठ्या बंगल्यातली गोष्ट असणार. कसला बंगला! कराडजवळच्या खेड्यातलं आमचं घर. पुढं पडवी, मागं परस आणि त्याच्या पलीकडं ऊस. दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, ती वर्षं. पाणी नसतं तर हे खूळ गावानं खपवून घेतलंच नसतं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजी फौजेतून सुभेदार होऊन परतले. त्यांच्या माघारी शेत, जनावरं, पोरंबाळं हा सगळा गाडा आत्याबाईंनी एकटीनं ओढला, आणि त्याचं उट्टं पुढं गुडघ्यांनी काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या भिंतीला धरून चालायच्या. नंतर नंतर खाली बसणंच बंद झालं. आम्ही सगळे जमिनीवर जेवायला बसायचो आणि त्या चुलीपाशी एका उंच खोक्यावर, ताट मांडीवर घेऊन. मला ते बघवत नसे.

अशात माझ्या नणंदेचं लग्न वैशाखात ठरलं. एकुलती एक लेक. आमच्यात कन्यादानाला आईबापांनी पाटावर मांडी घालून बसायचं असतं. भावकीत कुजबुज सुरू झाली की, वहिनींना काही बसता यायचं नाही, तेव्हा मामंजींच्या धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला बसवावं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "बसू द्यात की त्यास्नी. माझं काय बी म्हणनं न्हाई." आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

मामंजींनी ते पाहिलं. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "लेकीचं कन्यादान आपुनच करायचं. दुसरं कुनी न्हाई."

कराडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेक घ्यायला सांगितलं. तेवढ्यावरून मामंजींना उत्तरेकडच्या डोंगरातलं एक गरम पाण्याचं कुंड आठवलं. त्यांची पलटण तिथं होती तेव्हा म्हाताऱ्या बायका पाठुंगळी बसून यायच्या, गळ्याएवढ्या पाण्यात दिवस दिवस बसायच्या आणि परत जाताना आपल्या पायांनी चालत जायच्या म्हणे. फौजेतल्या गोष्टींना थोडं तिखटमीठ असायचंच. पण ते कुंड मामंजींच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मग शोध सुरू झाला. गवंडी म्हणाला, सिमेंटचा हौद बांधू. मामंजी म्हणाले, "त्यात पानी तापवनार कसं? का दिसभर घागरी वतत बसू?" कुणी डांबराचं पिंप सुचवलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "पिंपात उभं ऱ्हावं लागतंय. उभं ऱ्हायला तिला येतंयच की. बसायला येत न्हाई."

सांगली माझं माहेर. तिथं जुन्या सामानाच्या दुकानात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला पांढराशुभ्र टब आलाय, हे माझ्याच तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सासरे-सून सांगलीत हजर. मामंजींनी टबाला बाहेरून हात लावून पाहिला, आतून हात लावून पाहिला, आणि मग कोट-फेट्यासकट आत शिरून चक्क आडवे झाले. डोळे मिटून. रस्त्यावरचे लोक जमले. माझ्या माहेरची गल्ली तिथून हाकेच्या अंतरावर. मी पदर पुढं ओढून टोपल्यांच्या ढिगाकडं बघत उभी राहिले. बऱ्याच वेळानं टबातून आवाज आला, "सूनबाई, ह्यात मानूस बसत न्हाई, आडवं हुतंय. आन् घसरतंय बी. नगं." मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आज मात्र वाटतं, आपल्या बायकोसाठी भर बाजारात असं आडवं होणारा दुसरा पुरुष मी तरी पाहिला नाही.

परत येताना एसटीच्या खिडकीतून त्यांना एक बंद पडलेलं गुऱ्हाळ दिसलं. ऊस सगळा कारखान्याला जायला लागल्यापासून अशी कितीतरी गुऱ्हाळं बंद होत होती. भिंतीला काहील टेकवून ठेवलेली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी गोल लोखंडी कढई, सपाट तळाची, माणूस पाय पसरून बसेल एवढी. मामंजींनी गाडी थांबवायला लावली. कंडक्टर काय काय बोलला ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामंजी काहिलीभोवती फिरले, मडकं वाजवून घेतात तसं तिला वाजवून पाहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "खाली जाळ, वर पानी, मधी मानूस. आनि काय पायजे?"

बैलगाडीतून काहील घरी आली. मामंजींनी परसात खड्डा खणून दगडमातीचं चुलवाण बांधलं, गुऱ्हाळावर असतं अगदी तसंच, धूर जायला मागं धुराडं ठेवून. भोवती ज्वारीच्या ताटांचा उंच कूड घातला. गावाला आयतीच करमणूक झाली. गुऱ्हाळावर रसाची एक काहील चढली की तिला आदण म्हणतात, तर येणारा-जाणारा कुडापलीकडून हाक मारायचा, "काय सुभेदार, आदन चढलं का? गूळ काढायला कवा येऊ?" मामंजी शांतपणे सांगायचे, "चढलं की बोलावतो. ढेप घ्यायला पोतं घिऊन ये, गड्या."

पहिली अंघोळ मामंजींनी स्वतः केली. उसाच्या पाचटाचा जाळ म्हणजे भडका. पाणी बेताचं तापलंय हे हात घालून पाहिलं, पण खाली लोखंडाचा तळ काय तापला असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बसले आणि बसल्याबरोबर उठले. उठताना फौजेतल्या हिंदीत जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. मग तळाशी बाभळीच्या फळ्या टाकल्या, जाळ ओढून काढायची पद्धत ठरली. दुसऱ्या खेपेला मामंजी निवांत बसले, खूश होऊन बाहेर आले आणि दुपारी बाजेवर लवंडले. थोड्या वेळानं बघते तर बाजेच्या पायावरून तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली. काहिलीच्या सांध्यांत वर्षानुवर्षं साचलेला गूळ गरम पाण्यात विरघळला होता आणि आमचे सुभेदार पाकातून काढल्यागत चिकट झाले होते! आत्याबाई भिंतीला धरून हसल्या. किती महिन्यांनी त्यांना अशा हसताना पाहिलं. पुढं राखेनं आणि काथ्यानं काहील घासता घासता माझे हात सोलून निघाले, पण अखेर पाणी निर्मळ राहायला लागलं.

आणि मग आत्याबाई म्हणाल्या, "मी न्हाई त्यात उतरनार."

मामंजींनी हातातलं पाचट खाली ठेवलं.

"ज्यात गूळ शिजला त्यात मी पाय ठिवू? लक्षिमी हाय ती."

त्यांचं खरंच होतं. आमच्याकडं गुऱ्हाळावर काहिलीची पूजा करून मगच पहिलं आदण चढवतात, तिच्याजवळ कुणी पायताण घालून जात नाही. मामंजी तर त्यातच वाढलेले, पण कुंडाच्या नादात विसरले. मी पडले सांगलीची तोंडाळ. म्हटलं, आता ती कुठं काहील राहिली, मोडीत निघालेलं भांडं ते. आत्याबाईंनी मला एका वाक्यात गप्प केलं. "म्हातारी झाली म्हनून आई आई ऱ्हात न्हाई व्हय?"

मामंजी चुलवाणाच्या कडेला बसून होते. रागावले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाती की. आन् आईच्या मांडीवर लेकरू चढतंय ते पाय दिऊनच."

 दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी काहिलीच्या काठाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडायला सांगितला, आणि "आई, पाय लागतोय, पदरात घे," म्हणून लुगड्यासकट आत उतरल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली.

त्यानंतर रोज दिवस कलायच्या आत पाणी तापायचं. मामंजी जाळ घालायचे, ओढायचे, आणि कुडाबाहेर पाठ करून बसायचे. "ताप बरा हाय का?" "हाय." "आजून पायजे?" "नगं आवं, शिजवताय का काय मला!" त्या काळी त्या वयाची नवरा-बायको दिवसाउजेडी बोलायची नाहीत. या दोघांचं निम्मं आयुष्य तर एक सरहद्दीवर आणि एक शेतात असंच गेलेलं. आता कूड मध्ये घालून दोघं बोलत बसायची: पिकाचं, लेकीचं, कधीच्या काळी मेलेल्या एका बैलाचं. चुलीपाशी बसून मला ते ऐकू यायचं आणि फार बरं वाटायचं. अंघोळीचं पाणी नंतर केळींना जायचं.

पाण्यात त्यांचा गुडघा हळूहळू वाकायला लागला. पण कोरड्या जमिनीवर बसून बघा म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. "त्या दिशी बघू," एवढंच. त्यामुळं लग्नाच्या दिवसापर्यंत आमच्या कुणाच्याच जिवाला स्वस्थता नव्हती.

मांडवात पाट मांडले. मामंजींचे धाकटे भाऊ आणि त्यांची बायको नवे कपडे घालून बाजूला उभे होते. गरज पडली तर असावं म्हणून. आत्याबाईंनी भर मांडवात मामंजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकल्या. डावा पाय दुमडला. उजवा अर्ध्यात अडला. कपाळावर घाम फुटला, ओठ आवळले गेले. भटजींनी न सांगता मंत्र लांबवला. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला, आणि मांडी पडली. लेकीच्या हाताखाली त्यांचा हात आला, वरून पाण्याची धार पडली. मामंजी ना जावयाकडं बघत होते ना भटजींकडं. त्यांची नजर सगळा वेळ त्या गुडघ्यावर होती.

कन्यादान झालं. माणसं उठली, अक्षतांची ताटं फिरायला लागली. मी धावत गेले, त्यांच्या काखेत हात घातला.

"थांब गं. उठवू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "लय वर्सांनी खाली बसलीया. बसू दे जरा."

मामंजीही उठले नव्हते. मग मीही तिथंच त्यांच्याजवळ खाली बसले.